आत्याबाईचं दुखणं

कांदा उपटून शेतात वाळत पडलेला असतानाच अवेळी पाऊस आला. ओला माल घाईघाईनं पोत्यांत भरून व्यापाऱ्याच्या शेडमध्ये येऊन पडला आणि तिथं आतल्या आत तापायला लागला. एक कुजला की त्याच्या पाण्यानं भोवतालचे नासत होते. मुकादमानं निवडणाऱ्या सगळ्या बायकांना बजावलं, की शेड रिकामी होईपर्यंत कुणाचं दुखणंखुपणं आणि कुणाच्या घरचं कार्य ऐकून घेतलं जाणार नाही. जी उठेल तिची जागा गेली.

धाकटीला त्याचं काही वाटलं नाही. तिच्या घरी ना कार्य होतं, ना आजारी पडायला कुणी. पन्नाशी उलटून गेली तरी सगळे तिला धाकटीच म्हणत, कारण धाकटी सून म्हणून ती या घरात आली होती आणि भिंतीपलीकडं तिची थोरली जाऊ राहत होती. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. एकुलती मुलगी लांब दिलेली. तिचा फोन यायचा, पण पोरांच्या आरडाओरड्यात निम्मं ऐकू यायचं नाही आणि उरलेलं निम्मं ती पोरांनाच रागावत असायची. घरात धाकटी होती आणि एक कोंबडी होती.

कोंबडी तांबड्या रंगाची, मानेशी काळी झाक असलेली आणि अंगानं भारदस्त होती. सकाळी खुराड्यातून सुटली की ती थेट घरात यायची. खाटेखाली मान घालून बघायची, चुलीपाशी थांबायची, मांडणीकडं एक डोळा लावून बघायची आणि मनासारखं काहीच नसल्यासारखी बाहेर जायची. धाकटीची मुलगी एकदा माहेरी आली होती तेव्हा हे बघून हसत सुटली. म्हणाली, ही तर भावाच्या घरात खुसपटं काढायला आलेली आत्याबाई आहे. तेव्हापासून तिचं नाव आत्याबाई पडलं.

संध्याकाळी धाकटी शेडवरून येताना फाटकी बारदानं डोक्यावर आणायची. अंगणात बसून दाभणानं ती शिवायची आणि शिवता शिवता आत्याबाईशी बोलायची. आज मुकादमाचा पारा कसा चढला होता, तंबाखूची दाणी जवळ बाळगणारी म्हातारी बसल्या जागी कशी घोरत होती, असं काहीबाही. आत्याबाई पायाशी सुतळीचे तुकडे उकरत, मध्येच घशातल्या घशात हुंकार भरत ऐकायची. दिवसभरात धाकटीच्या तोंडून निघालेले बरेचसे शब्द त्या कोंबडीच्याच वाट्याला यायचे.

त्या सकाळी खुराड्याचं दार उघडलं तरी आत्याबाई बाहेर आली नाही.

धाकटीनं वाकून बघितलं. ती कोपऱ्यात पिसं फुगवून उभी होती. डोळे मिटलेले, शेपूट खाली पडलेलं, तुरा फिका. हात घालून उचललं तर नेहमीसारखी फडफड नाही, टोचणं नाही. कालच्या दिवेलागणीला तर तिनं हातातले दाणे टिपले होते. धाकटीनं चमच्यानं पाणी पाजायला घेतलं, ते चोचीच्या कडेनं ओघळून गेलं. तिला वाटलं, रात्रीच्या गारव्यानं आखडली असेल. ऊन आलं की हिंडेल. तिनं कोंबडीला टोपलीखाली झाकलं, टोपलीवर दगड ठेवला, डोक्याला फडकं बांधलं आणि शेडवर गेली.

शेडमध्ये हात चालत होते, पण लक्ष नव्हतं. चांगला कांदा उजवीकडं, बारका डावीकडं, नासका मागं. ती एकदा चांगल्या ढिगात नासका टाकून बसली आणि शेजारणीनं तो उचलून मागं फेकला. दुपारच्या सुट्टीत बाकीच्या बायकांनी डबे उघडले तेव्हा ती घराकडं पळाली.

आत्याबाई होती तशीच उभी होती. धाकटीनं तिला मांडीवर घेतलं आणि मानेवरून खाली हात फिरवला तेव्हा तिला ती गाठ लागली. गळ्याखालची दाण्याची पिशवी फुगून टणक झाली होती, जणू एखादा मोठा कांदा कातडीखाली अडकला होता. दाबलं की कोंबडी मान ताणायची आणि तोंडातून आंबूस वास यायचा. धाकटीनं कोमट तेल चोचीत सोडलं. अंगठ्यानं हळूहळू चोळत बसली. गाठ हलली नाही. उन्हाची तिरीप उंबऱ्यावरून खाली उतरली तेव्हा तिच्या ध्यानात आलं, की सुट्टी कधीच संपून गेली असणार.

ती पोचली तेव्हा तिच्या बारदानावर दुसरीच बाई बसलेली होती. मुकादमानं बोट करून मागचा नासक्या कांद्यांचा ढीग दाखवला. तिथं पाणी सुटलेलं, चिलटं घोंघावत होती आणि हात घातला की कांद्याचा चिखल मनगटापर्यंत यायचा. धाकटी मुकाट्यानं तिथं जाऊन बसली. बायकांनी विचारलं तेव्हा तिनं कोंबडीचं सांगितलं. दाणीवाली म्हातारी, मनात काही न ठेवता, म्हणाली की आजच कापून टाक, उद्यापर्यंत अंगावर काही राहायचं नाही. दुसरी म्हणाली, आम्ही आपल्या नवऱ्याच्या आजारपणाला उशिरा येतो, हिची तऱ्हा और आहे. सगळ्या हसल्या. धाकटीही हसली, आणि मग बराच वेळ तोंडावर आलेली चिलटं उडवत राहिली. हात घाण होते म्हणून ते दंडानं करावं लागत होतं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच तिनं टोपलीत चिंध्या घातल्या, त्यात आत्याबाईला ठेवलं आणि शेजारच्या मोठ्या गावातल्या जनावरांच्या दवाखान्याची वाट धरली. शेडचं काय होईल ते होईल, असं तिनं ठरवलं नव्हतं. ठरवायला बसली असती तर पाय निघाला नसता.

दवाखान्याला कुलूप होतं. ओसरी झाडणाऱ्या शिपायानं सांगितलं, की डॉक्टर गुरांना लस टोचायला वाड्यावस्त्यांवर गेलेत, आठवडाअखेर येतील. माणूस भला होता. केरसुणी भिंतीला टेकवून त्यानं हात पुसले, कोंबडीची मान चाचपली आणि म्हणाला, की आत काहीतरी गुंडाळून बसलंय, तेलानं सुटायचं नाही, पिशवी उघडून काढावं लागेल. डॉक्टर येईपर्यंत टिकेल का, असं धाकटीनं विचारलं. त्यानं कोंबडीच्या तुऱ्याकडं बघितलं. मग गाव कुठलं ते विचारलं. तिनं सांगितल्यावर त्याचा चेहरा उजळला.

"मग इतक्या लांब कशाला आलात? तुमच्याकडं एक बाई आहेत ना, कोंबड्या पाळणाऱ्या. विहिरीजवळचं घर. त्या काढतात की पिशवीतलं. आमचे डॉक्टरसुद्धा लोकांना तिकडं धाडतात."

धाकटीनं मान हलवली. विहिरीजवळचं घर थोरलीचं होतं.

परतताना ऊन चढलं. टोपली या कमरेवरून त्या कमरेवर घेत ती चालत होती आणि वाटेत कुठंतरी तिनं टोपलीवरचं फडकं वर करून कोंबडीला सांगितलंसुद्धा, की तिकडं जायचं नाही, दुसरं काहीतरी बघू. पण दुसरं काही सुचत नव्हतं.

वाटण्या झाल्या तेव्हा विहीर थोरल्या भावाच्या बाजूला गेली. पाण्याच्या पाळीवरून भावाभावांत वाजलं. धाकटीचा नवरा कोर्टात गेला. तारखांवर तारखा पडल्या, आणि निकाल लागायच्या आत एका दुपारी शेतातच तो छातीला हात लावून खाली बसला. दहनानंतर घरातली गर्दी पांगली तेव्हा थोरली आली होती. धाकटीनं तिला अंगण ओलांडताना खिडकीतून बघितलं आणि आतून दाराला कडी घातली. थोरलीनं एकदा हाक मारली. मग तिची पावलं परत गेली. त्यानंतर दोघी एकमेकींशी बोलल्या नव्हत्या. दोन घरांच्या अंगणांमध्ये एकच भिंत होती. एकीच्या फोडणीचा ठसका दुसरीला लागायचा, तरी नाही.

थोरलीचं फाटक उघडं होतं. अंगणात गाद्या उन्हात घातलेल्या, पत्र्याच्या ट्रंका बाहेर काढून ठेवलेल्या. साफसफाई काढली असेल, असं धाकटीला वाटलं. थोरली पाठमोरी बसून डबे घासत होती. केस पार पांढरे झाले होते. भिंतीवरून डोकं दिसायचं तेव्हा ते नेहमी बांधलेलं असायचं.

धाकटी फाटकात उभी राहिली. लग्न होऊन आली तेव्हापासून ती थोरलीला बाई म्हणायची. ती हाक आता मारता येईना. शेवटी कोंबडीच टोपलीत खरडली आणि थोरलीनं वळून बघितलं. तिची नजर धाकटीच्या तोंडावर थांबली, मग टोपलीवर गेली. तिनं हात राखेतून काढले आणि पाण्यात बुचकळले.

"कधीपासून?"

"काल सकाळपासून."

"पाणी घेते?"

"नाही."

थोरलीनं टोपली आपल्याकडं ओढली. दोन बोटांनी गाठ चाचपली, चोच उघडून वास घेतला. आतून तिच्या नवऱ्यानं, पायानं अधू झाल्यापासून तो खाटेवरच असायचा, कोण आलंय म्हणून विचारलं.

"कुणी नाही," थोरली म्हणाली.

धाकटीनं ते ऐकलं. टोपली उचलून चालू पडावं असं तिला एकदम वाटलं. पण थोरलीनं तोवर आत जाऊन पातेलं चुलीवर ठेवलेलं होतं, आणि येताना तिच्या हातात नवं पातं, सुई आणि पांढऱ्या दोऱ्याचं रीळ होतं.

काम अंगणातल्या उपड्या घमेल्यावर झालं. थोरलीनं पातं, सुई आणि दोरा उकळत्या पाण्यात घातला. मिठाचं पाणी वेगळं करून ठेवलं. धाकटीला गुडघे टेकून बसायला सांगितलं, कोंबडी जुन्या कापडात गुंडाळून तिच्या हातात दिली आणि पंख कसे दाबायचे, मान कशी ताणून धरायची ते बोटं धरून दाखवलं. इतक्या वर्षांनी थोरलीचा हात तिच्या हाताला लागला होता. तो खरखरीत आणि ऊन ऊन होता.

गळ्याखालची पिसं उपटली तेव्हा आत्याबाई थरथरली. पातं फिरलं तेव्हा मात्र तिनं नुसता एक श्वास ओढला. कातडीखाली पिशवी दिसली, पातळ, निळसर, ताणलेली. थोरलीनं तिच्यावर बेताची चीर दिली आणि आंबलेला असा भपका आला, की आदल्या दिवशी नासक्या ढिगात बसलेल्या धाकटीनंसुद्धा मान फिरवली. थोरली चिमटीनं एकेक काढायला लागली. फुगलेले दाणे, गवताच्या काड्या, आणि मग एक टोक हाती लागलं, ते ओढलं तर येतच राहिलं. चिकट, काळपट झालेल्या सुतळीचा गुंता घमेल्यावर साचत गेला.

धाकटीनं ती सुतळी ओळखली. बारदानं शिवताना तोडून टाकलेली, तिच्याच हातची. आत्याबाई पायाशी उकरत बसायची आणि आपण बोलत बसायचो, एवढं तिच्या मनात आलं. तिचे हात सैल पडले.

"नीट धर," थोरली म्हणाली. "आत्ताच तर धरायचंय."

पिशवी मिठाच्या पाण्यानं धुऊन झाली. थोरलीनं सुई घेतली, दोऱ्याचं टोक जिभेवर ओलं केलं आणि नेढं उजेडात धरलं. दोरा आजूबाजूनं जात राहिला. तिनं डोळे बारीक केले, हात लांब नेला, जवळ आणला. धाकटी बघत होती. एकेकाळी भिंतीवरच्या दिव्याच्या उजेडात हीच बाई पोलक्याला काजं करायची. धाकटीनं कोंबडी एका हाताच्या बेचक्यात घट्ट दाबली आणि दुसरा हात पुढं केला. थोरलीनं सुई तिच्या एका हाताच्या बोटांत आणि दोरा दुसऱ्या हाताच्या बोटांत दिला. तो पहिल्या खेपेला ओवला गेला.

आधी आतली पिशवी शिवायची, मग वरची कातडी. दोन्ही मिळून शिवलं की कोंबडी मरते, असं थोरली टाके घालता घालता म्हणाली, धाकटीला की स्वतःला, कोण जाणे. शेवटची गाठ मारून तिनं दोरा दातांनी तोडला आणि आत्याबाईच्या डोक्यावरून अंगठा फिरवला.

"जगली तर हिच्या नशिबानं. आज नुसतं पाणी, थेंब थेंब. उद्या भाताची पेज. दाणा दाखवायचासुद्धा नाही." मग टोपली उचलून देताना तिनं खाली बघत म्हटलं, "दिवेलागणीला येऊन बघीन."

ती आली. कोंबडी मान खाली घालून बसलेली होती, पण जिवंत होती. थोरलीनं टाके बघितले, वास घेतला, मान हलवली आणि गेली. मध्ये एक दिवस आत्याबाई अगदीच मलूल पडली आणि धाकटीनं परसात खड्डा कुठं काढायचा तेही मनात ठरवून ठेवलं. त्या दिवशी थोरली दोनदा आली. पुढच्या सकाळी कोंबडीनं डोळे उघडून पेजेच्या वाटीत चोच घातली.

शेडमध्ये धाकटीला कुणी परत जुन्या जागेवर बसवलं नाही. एका दिवसाचा खाडा झाला तरी नासक्या ढिगावर बसायला दुसरी कुणी तयार नव्हती, म्हणून तेवढी जागा राहिली. नासक्या ढिगावर बसून बसून तिची बोटं सुरकुतली, नखांच्या कडा काळ्या झाल्या, अंगाचा वास दोन पाण्यांनी धुऊनही जाईना. पण हल्ली ती घराकडं भरभर चालायची. थोरली कधी तिच्या आधीच अंगणात येऊन बसलेली असायची. पहिल्यांदा आत्याबाईला हात लावायला गेली तेव्हा थोरली म्हणाली, "आधी हात धू." नवी नवरी होती तेव्हा शेतातून आल्या आल्या हेच ऐकावं लागायचं. तेव्हा राग यायचा.

बोलणं कोंबडीचंच व्हायचं. शी कशी झाली, पेज किती घेतली, तुऱ्याला रंग येतोय की नाही. धाकटीनं एक दिवस दोन कप चहा केला. थोरलीनं तो न घेता तसाच ठेवला. दुसऱ्या दिवशी घेतला आणि साखर कमी आहे म्हणाली. मग कोंबडीवरून गोष्ट सासूच्या कोंबड्यांवर गेली. सासूबाई अंडी मोजून ठेवायच्या, आणि या दोघींनी एकदा चोरून उकडून खाल्ली तेव्हा टरफलं कुठं लपवायची म्हणून थोरलीनं ती केसांच्या अंबाड्यात खोचली होती. सासूबाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला तर आत कडकड वाजलं. ते आठवून दोघी हसायला लागल्या. हसू ओसरल्यावर दोघींनाही कुठं बघावं कळेना, म्हणून त्या आत्याबाईकडं बघत राहिल्या.

धाकटीनं मनाशी काही बेत केले नव्हते असं नाही. कोंबडी बरी झाली तरी काहीतरी कारण निघेल. अंड्यावर बसवायचं असेल, पिल्लांचं काही विचारायचं असेल. थोरलीच्या कोंबड्यांचा आवाज हल्ली येत नाही, हेही तिच्या कानावर पडत होतं. विकल्या असतील, वयानं होत नसेल, असं ती धरून चालली होती.

एका संध्याकाळी थोरली पातं घेऊन आली. टाके काढते म्हणाली. धाकटीला आश्चर्य वाटलं, कारण अजून काही दिवस राहू द्यायचे असं थोरलीनंच आदल्या दिवशी सांगितलं होतं.

"राहिले असते तर बरं होतं," थोरली म्हणाली. "पण परवा आम्ही निघतो. मागं राहिले तर तुला काढायला जमायचं नाही."

धाकटीनं कोंबडी धरलेली होती. तिनं विचारलं, कुठं निघता. थोरलीनं एकेक दोरा कापून ओढून काढता काढता सांगितलं. मुलगा शहरात बोलावतोय. इथं नवऱ्याला उचलायचं, बसवायचं तिच्यानं होत नाही. घर, जमीन, विहीर, सगळं दिलं. घेणारा परगावचा आहे. पाण्याचं त्याच्या कानावर घातलंय, मागितलंस तर नाही म्हणायचा नाही.

ज्या विहिरीपायी नवरा कोर्टाच्या पायऱ्या चढला, ती अशी बसल्या जागी, टाके काढता काढता, परक्या माणसाची झाली. विहिरीचं वाईट वाटायला हवं होतं, पण धाकटीला लागलं ते दुसरंच. गावात सगळ्यांना हे ठाऊक असणार. शेडमधल्या प्रत्येक बाईला. त्या घरचं काही हिच्यासमोर बोलायचं नाही म्हणून सगळ्या गप्प राहिल्या असणार.

"मला सांगितलं नाहीत," ती म्हणाली.

"कुठल्या दारानं येऊन सांगायचं होतं?"

थोरलीनं हे रागानं विचारलं नाही. शेवटचा दोरा निघाला, तिथं एक बारीक थेंब आला, तो तिनं बोटानं पुसला. कोंबडी सुटली आणि अंग झाडून दोन पावलं दूर जाऊन उभी राहिली.

मांडीवरची पिसं झटकत धाकटी म्हणाली, "तुम्ही आणखी एकदा हाक मारली असती तर मी कडी काढली असती."

"मला काय माहीत," थोरली म्हणाली. "मी घरी जाऊन बसले. म्हटलं तू येशील. भात टाकला होता तुझ्या वाटणीचा."

पलीकडून नवऱ्यानं खोकून हाक दिली. थोरली गुडघ्यावर हात दाबून उठली. धाकटीनं तिच्या कोपराला आधार दिला आणि ती फाटकापर्यंत गेली तरी हात काढायचं दोघींच्याही ध्यानात आलं नाही.

निघायच्या दिवशी धाकटी शेडवर गेली नाही. टेम्पो दारात लागला तेव्हा थोरलीच्या अंगणात टेम्पोवाला आणि थोरली, एवढेच होते. मुलाला सुट्टी मिळाली नव्हती. थोरली ट्रंकेची एक कडी धरून उभी होती, कुणाला हाक मारावी अशी इकडंतिकडं बघत. धाकटी फाटकातून आत गेली आणि दुसरी कडी धरली. ट्रंक उचलली, गाद्या बांधल्या, पाटावरवंटा चाकाजवळ नेऊन ठेवला, तो न्यायचा नाही म्हटल्यावर परत आणला. दोघींचा श्वास फुलला होता. खाटेवरच्या माणसाला टेम्पोवाल्यानं आणि त्या दोघींनी मिळून पुढच्या सीटवर बसवलं. त्याचं वजन धाकटीच्या खांद्यावर आलं तेव्हा तिला कळलं, की त्याच्यात आता काही उरलेलं नाही. ज्याच्या नावानं तिनं इतकी वर्षं बोटं मोडली तो माणूस एखाद्या पोत्याइतकाही जड नव्हता. सीटवर टेकल्यावर त्यानं दम घेतला.

"कोंबडी बरी आहे ना?" त्यानं विचारलं.

धाकटीनं मान हलवली. म्हणजे त्या दिवशी अंगणात कोण आलं होतं हे त्याला कळलेलं होतं.

थोरली मागं गाद्यांवर बसली. कोंबडीला अधूनमधून बारीक वाळू खाऊ घाल, सुतळी जपून टाक, असं दोनदा सांगितलं. आणखी काहीतरी सांगायचं होतं, पण टेम्पोचा आवाज मोठा होता. धूळ खाली बसेपर्यंत धाकटी तिथं उभी राहिली. मग आत जाऊन तिनं थोरलीचं अंगण झाडून काढलं. आता ते कुणाचंच नव्हतं तरी झाडलं.

दुसऱ्या दिवशी शेडच्या दारात मुकादमानं तिला थांबवलं. नासक्या ढिगावरही दुसरी कुणी बसली होती. ती सावली सरकेपर्यंत फाटकाशी थांबली, कुणी बोलावलं नाही, मग परत आली. नंतर घरी बारदानं शिवायचं काम तेवढं राहिलं. कांदा संपला, शेडला कुलूप लागलं, ऊन तापायला लागलं. दिवसचे दिवस तिच्या घरात माणसाचा आवाज व्हायचा नाही. आत्याबाईशी ती पूर्वीसारखी बोलायला गेली, पण आता मधेच थांबायची. काही सांगितलं की उत्तर यावं अशी सवय त्या थोड्या संध्याकाळींत लागून गेली होती.

एका सकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला. आधी नुसता श्वास ऐकू आला. मग थोरली म्हणाली, "मी बोलतेय."

"बोला, बाई."

थोरलीनं कोंबडीचं विचारलं. धाकटीनं सांगितलं की जखम भरली, वर पिसं आली, परवा अंडं दिलं, कवच जरा पातळ होतं. मग थोरलीचं विचारलं. थोरली म्हणाली, की बरं आहे. वरच्या मजल्यावर घर आहे, खिडकीतून खाली बघितलं की गरगरतं. मुलगा आणि सून सकाळीच कामावर जातात, यांना झोप लागलेली असते. एवढं सांगून ती थांबली. फोन बंद झाला असं वाटून धाकटीनं तो कानावरून काढून बघितला.

"आत्ता काय करतेय ती?" थोरलीनं विचारलं.

धाकटी फोन घेऊन अंगणात आली. पलीकडं नव्या मालकाची माणसं थोरलीच्या घराच्या छपरावर चढली होती. पत्रे उतरवून झाले होते आणि आता आढं खाली घेत होती. आतल्या खोल्या उन्हात उघड्या पडल्या होत्या. चुलीच्या वरची भिंत, धुरानं काळी झालेली, रस्त्यावरून दिसत होती. एक वासा खाली आदळला.

"कसला आवाज झाला?"

"ट्रॅक्टर गेला," धाकटी म्हणाली.

तिनं तिकडं पाठ केली आणि पायरीवर बसली. आत्याबाईनं कुंपणाच्या कडेला मातीत खड्डा केला होता आणि त्यात अंग घालून ती पंखांनी धूळ उडवत होती. धाकटीनं ते सांगितलं. एक पंख पसरलाय म्हणाली. आता दुसरा. आता मान मातीला घासतेय, डोळा मिटलाय. आता उठली, अंग झाडलं, एक किडा दिसला वाटतं, नाही, काडीच होती, टाकून दिली. शेवग्याच्या सावलीत गेली. पाण्याच्या ताटलीशी थांबली. तिला वाटलं, एवढं पुरे झालं असेल. ती गप्प झाली.

"सांग ना," थोरली म्हणाली. "ऐकतेय मी."

मागं आणखी एक वासा पडला. धाकटीनं फोनच्या तोंडावर हाताचा आडोसा धरला आणि सांगायला लागली, की पाणी प्यायली, मान वर केली, आता इकडंच येतेय.